सिंधूचं नाव, पंचगंगेचा काठ

पासपोर्टवर राष्ट्रीयत्वाचा एक रकाना असतो. आपल्या पासपोर्टवर तिथे छापलेलं असतं : इंडियन. आज हा एकच शब्द सावकाश मनात घेऊ. निवांत बसा, खांदे सैल सोडा आणि तो मनातल्या मनात एकदा उच्चारा. झेंडा दिसेल, क्रिकेटचा सामना आठवेल. येऊ द्या. त्यांना हाकलू नका, त्यांच्यामागे जाऊही नका.

आता हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात कसा येतो ते पाहा. घराचं काम निघालं की प्लंबर विचारतो, "इंडियन बसवायचं की वेस्टर्न?" हॉटेलच्या मेनूकार्डावर तो चायनीजच्या शेजारी असतो. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला की कुणी तरी म्हणतं, "इंडियन टाइम!" रस्त्यावर कुणी थुंकलं की "इंडियन मेंटॅलिटी." शेवटचे दोन उद्गार स्वतःच्या आवाजात ऐका. ते काढताना आपण कुठे उभे असतो? शब्दाच्या आत की बाहेर? उत्तराची घाई नको. प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्या.

शब्द जुना आहे आणि फार फिरलेला आहे. 1492 मध्ये कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला, आपण आशियातच पोचलो असं समजला आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर हे नाव कायमचं बसलं. आपल्या वसई-साष्टीच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजानं 1887 मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव आपणहून घेतलं. एकाला नाव चिकटलं, दुसऱ्यानं निवडलं. पण उगम एकच, सिंधू नदी. इराणी उच्चारात 'स'चा 'ह' झाला, ग्रीकांनी तो 'ह'ही सोडला आणि 'इंडोस' उरलं. नदीवरून देश, देशावरून माणूस. ती नदी आज बहुतांश पाकिस्तानातून वाहते.

हे मनात ठेवून कोल्हापूरच्या पूर्वेला, पंचगंगेच्या बाजूला वळिवड्याला चला. साल 1943. सुमारे पाच हजार पोलिश माणसं इथल्या छावणीत राहायला येताहेत, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. 1939 मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी त्यांचा देश वाटून घेतला. पूर्व पोलंडमधल्या या लोकांना घराबाहेर काढून सायबेरिया-कझाकस्तानपर्यंत नेलं गेलं. तिथून सुटून, इराणमार्गे ते इथे पोचले. बराकींमध्ये त्यांनी शाळा उघडल्या, चर्च उभं केलं, बालवीरांची पथकं काढली. पुढे युद्ध संपलं, पण त्यांची गावं सोव्हिएत हद्दीतच राहिली. नकाशावर पोलंड पुन्हा उमटला आणि त्यांचं घर त्याच्या बाहेर पडलं. तरीही ती माणसं पोलिशच राहिली. एखादी आई रोज सकाळी मुलीच्या वेण्या घालून तिला पोलिश शाळेत धाडते, तेव्हा तो शब्द कशाच्या आधारानं टिकून असतो? इथे थांबा. श्वास आपल्या गतीनं चालू द्या.

आता नजर वळवा त्या छावणीकडे पाहणाऱ्या कोल्हापूरकराकडे. त्याचं स्वतःचं राष्ट्रीयत्व काय होतं? तो करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानची प्रजा. इंग्रजांच्या कायद्यात तो ब्रिटिश प्रजाजनही नव्हता, 'ब्रिटिश-संरक्षित व्यक्ती' एवढीच त्याची नोंद. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याच नोव्हेंबरात राज्यघटनेची नागरिकत्वाची कलमं लागू झाली, आणि तो आपल्याच वाड्यात, त्याच सोप्यात बसल्या बसल्या भारताचा नागरिक झाला. त्याला उंबरासुद्धा ओलांडावा लागला नाही.

पोलिश कुटुंबं पांगली, कुणी मायदेशी, कुणी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे. फाळणीनंतर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले. ज्या नदीवरून 'इंडियन' हा शब्द निघाला, तिच्याच काठची ही माणसं. तो शब्द आपला म्हणता यावा यासाठी त्यांना ती नदीच मागे सोडावी लागली. या वाक्यापाशी जरा जास्त वेळ बसा. पुढे त्या छावणीचं गांधीनगर झालं. आज अख्खा जिल्हा तिथे ठोक भावानं कापड घ्यायला जातो. दुकानात गादीवर बसून ठाण उलगडणारा व्यापारी ग्राहकाशी अस्सल कोल्हापुरी मराठीत भाव करतो आणि मागे वळून घरच्यांशी सिंधीत बोलतो.

तिघांना एकदम मनासमोर आणा. पोलिश आईनं आपला शब्द जमिनीवाचून जपला. कोल्हापूरकराला तो घरबसल्या मिळाला. सिंधी माणसानं त्यासाठी घर दिलं. तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. कुणी तरी जागा करून दिली, तेव्हाच त्या शब्दाला राहायला घर मिळालं. आपल्याला हा शब्द कसा मिळाला? कोल्हापूरकरासारखा मिळाला असेल, तर तो आपल्या कर्तबगारीवर मिळालेला नाही, हे मान्य करा. त्या मान्यतेतून जी कृतज्ञता येते, तिला मनात रुजू द्या.

आणि उठण्यापूर्वी एक गोष्ट ठरवा. ईशान्येकडून आलेल्या मुलामुलींना या देशात अजूनही विचारलं जातं, "तुम्ही इंडियन का?" हा प्रश्न आपल्या तोंडून निघणार नाही, आणि आपल्यासमोर कुणी विचारला, तर त्यांना उत्तर द्यायची वेळ येऊ न देता आपणच मध्ये बोलू. वळिवड्याच्या बराकी ज्या जिल्ह्यात होत्या, त्या जिल्ह्याच्या माणसाला हे बोलण्याचा हक्क आहे, आणि ते त्याचं कामही आहे.