जीवनाचं पुस्तक आणि साताऱ्याचा दरबार

महाबळेश्वरापासून खाली सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत बाळाच्या सटवाईपूजेला पाट्याजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. मेल्यावर चित्रगुप्ताची वही उघडायची ती वेगळीच. जन्माचा लेख आणि मरणाचा हिशेब अशी देवाघरची लिखापढी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की बायबलातलं ‘जीवनाचं पुस्तक’ समोर आलं की आपण त्यालाही याच पंगतीला बसवतो. ख्रिस्ती प्रवचनांतही ते पापपुण्याच्या खतावणीसारखंच रंगवलं जातं. माझ्या मते तिथेच गफलत होते. ते पुस्तक नशिबाचं नाही आणि जमा-नावेचंही नाही. कोण देवाचा, एवढीच नोंद त्यात आहे.

निर्गमाच्या ३२व्या अध्यायात लोक सोन्याचं वासरू पुजतात, तेव्हा मोशे देवाला विनवतो की यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव काढून टाक. दोष लोकांचा आणि खोडायचं नाव मात्र ज्याने काही केलं नाही त्याचं! हिशेबाच्या वहीत ही मागणी निरर्थक ठरेल. माणसांच्या नोंदीत ती काळीज हलवते. यावर प्रकटीकरणाचा २०वा अध्याय पुढे केला जाईल, कारण तिथे न्याय कृत्यांवरूनच होतो. खरं आहे, पण कृत्यं लिहिलेली पुस्तकं अनेक आहेत. जीवनाचं पुस्तक त्यांच्याहून वेगळं काढून ठेवलं आहे, आणि शेवटी पाहिलं जातं ते त्यात नाव सापडतं की नाही हेच. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. १७वा अध्याय म्हणतो की नावं जगाच्या स्थापनेपासून लिहिलेली आहेत; मग ही सटवाईच नव्हे का? पण त्याच ग्रंथात सार्दीसच्या मंडळीला, जो विजय मिळवील त्याचं नाव खोडणार नाही, असं वचन दिलं आहे. जे खोडताच येत नाही त्याबद्दल कोण कशाला वचन देईल? हा ताण ग्रंथाने तसाच राहू दिला आहे, आणि तो उगाच सोडवू नये.

ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत. बाप्तिस्म्याची किंमत टिळकांना ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? १८९५ साली तो घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाईंपासून ते काही वर्षं दुरावले होते. तरी चर्चची नोंदवही आणि देवाचं पुस्तक एकच, असं त्यांनी मानलं नाही. मिशनची बाजू काही पोकळ नव्हती. जात आणि घर तुटलेल्या माणसाला त्या नोंदवहीनेच नवं गोत दिलं होतं. उघडपणे नाव न लावणाऱ्यांना त्याच रांगेत बसवणं त्याला झोंबलं तर नवल नाही. टिळक १९१९च्या मे महिन्यात गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यावरून एवढंच ठरतं की नोंदीवाचून संस्था उभी राहणं कठीण. बाप्तिस्म्याशिवाय कोणाला सभासद न करणं चर्च म्हणून रास्तच. पण त्या वहीत ज्यांची नावं नव्हती, त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार त्यातून चर्चला मिळत नव्हता.