संशयाचे निरसन

प्रेमाच्या सुखात्मिका मनुष्यस्वभावाविषयी कितपत खरे बोलतात, हा प्रश्न गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत संशयकल्लोळ'मध्ये (१९१६) फार स्पष्टपणे उभा राहतो. मूळ कल्पना मोलिएरची. आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावाटे ती देवलांकडे आली. अश्विनशेटाची तसबीर भलत्या हाती पडते आणि दोन जोडपी संशयाने ग्रासली जातात.

तसबिरीने संशय जन्मतो, असे वरवर वाटते. वस्तुतः फाल्गुनरावाचा संशय आधीचाच. तसबीर त्याला निमित्त पुरवते, एवढेच. पत्नी बोलली तर बनाव, गप्प राहिली तर कबुली. पुरावा शोधायला निघालेल्या मनाला पुराव्यांचा तोटा कधीच पडत नाही. बनशंकरीतल्या (बंगळूर) माझ्या घरी हे नाटक पुन्हा वाचताना हसू आले ते याच ठिकाणी, आणि अंमळ धास्तीही वाटली.

खोट आहे ती शेवटात. तसबिरीचा उलगडा होताच संशय फिटतो. पण जो पुराव्यातून जन्मलाच नाही, तो खुलाशाने कसा मरेल? शिवाय येथे साऱ्यांच्या संशयाला एकाच मापाने हसले जाते. त्या काळी फाल्गुनरावाच्या संशयाने कृत्तिकेचे घर सुटू शकले असते. तिच्या संशयाने त्याचे फारसे काही बिघडले नसते. रेवती तर नायकिणीची मुलगी. जग तिच्यावर आधीच अविश्वास ठेवून बसलेले. अश्विनशेट शंका घेतो तेव्हा तो त्या जगाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. गैरसमज दूर झाल्याने हा अपमान भरून येतो का, हे देवल विचारीत नाहीत. समेट घडवून ते पडदा पाडतात.