उसन्या चेहऱ्याची साक्ष

एखाद्या पत्रकावर कोणतें चित्र छापावें हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो, असें दोन वर्षांपूर्वीं आम्हांस कोणीं सांगितलें असतें तर आम्हीं त्याची थट्टाच केली असती. नीतिशास्त्राला याहून मोठीं कामें आहेत. चित्राची निवड ही अभिरुचीची बाब, ती मुद्रकानें व मांडणी करणारानें पाहून घ्यावी, असें आमचें मत होतें. तें मत बदलण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. त्यांत दोष आमचाच असल्यामुळें तो सांगण्यास संकोच वाटतो. पण प्रसंग झांकून नुसता सिद्धान्त वाचकांपुढें ठेवणें हेंहि आम्हांस आतां बरें वाटत नाहीं.

रोह्यांत एक लहान संस्था गरीब विद्यार्थ्यांसाठीं अभ्यासिका चालविते. जागा अपुरी, वर पत्र्याचें छप्पर, आणि पाऊस सुरू झाला कीं शेजारच्याचें बोलणें ऐकूं येऊं नये असा आवाज. नवी खोली बांधण्यासाठीं वर्गणी मागण्याचें ठरलें, व आवाहनपत्रकाचा मजकूर आणि त्यावरील चित्र हीं दोन्ही कामें आमच्याकडे आलीं. प्राध्यापक हा रिकामा मनुष्य असतो असा आपल्याकडे एक दृढ समज आहे. त्याचा प्रतिवाद करण्यांत अर्थ नाहीं. मजकूर एका रात्रींत झाला. चित्रासाठीं आम्ही पेणच्या एका तरुणाकडे गेलों. लग्नपत्रिका, पत्रकें, दुकानांच्या पाट्या यांची मांडणी संगणकावर करून देणें हा त्याचा व्यवसाय. त्यानें आम्हांस शेजारीं बसविलें आणि परदेशांतील एका छायाचित्रांच्या सांठ्याचें दार उघडलें. धंद्यांतील लोक अशा चित्रांस 'स्टॉक फोटो' म्हणतात. आधीं काढून ठेवलेलीं, कोणाच्याहि कोणत्याहि कामास मोल देऊन नेतां येतील अशीं तीं चित्रें. 'वाचणारी मुलगी' एवढे शब्द इंग्रजींत लिहितांच पडद्यावर शेंकडों मुली हजर झाल्या.

त्या संध्याकाळीं तो तरुण आमचा गुरु झाला हें कबूल केलें पाहिजे. "सर, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी नको," तो म्हणाला, "ती कायतरी विकतेय असं वाटतं." एका चित्रांत एकच गोष्ट असावी, डोळा प्रथम कोठें जाईल हें ठरलेलें असावें, एका बाजूस मोकळी जागा हवी, कारण अक्षरें चेहऱ्यावर छापतां येत नाहींत, पडद्यावर मोठें चित्र सुंदर दिसतें म्हणून भुलूं नये, तें तळहाताएवढें करून पाहावें, मग त्यांत जीव आहे कीं नाहीं तें कळतें. आमच्या निबंधाच्या वर्गांत सांगाव्या अशा ह्या सूचना होत्या. मग निवड सुरू झाली. एक मुलगी कंदिलाच्या उजेडांत वाचीत होती; रोह्यास वीज आहे, ती बाद. एकीच्या मागील भिंतीवर विजेचें बटण परदेशी धर्तीचें होतें. एकीच्या मागें मोहरीचें पिवळें शेत पसरलें होतें. ह्या सांठ्यांतील 'भारतीय खेडें' बहुधा उत्तरेकडील सपाट मुलखांतलें असतें. तेथें कुंडलिकेचें पात्र नसतें, पेणचीं मिठागरें नसतात, खारजमिनीचे बांध नसतात. शेवटीं एक सांपडली. दोन वेण्या, बांकावर उघडें पुस्तक, खिडकींतून येणारा तिरपा उजेड, डोळे पुस्तकांत. आणि कपाळावर एक लहानशी आठी, गणितांतलें कठीण उदाहरण सोडवितांना पडते तशी. त्या आठीनें आम्हांस जिंकलें. परवान्याचे पैसे भरले, पावती घेतली, आणि चोरीचें चित्र वापरलें नाहीं याचें समाधान मानून घरीं गेलों.

पत्रक गेलें आणि वर्गणी आली. अपेक्षेपेक्षां अधिक आली. तिच्याबरोबर पुण्याहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचें पत्र आलें. पत्रकावरील मुलीच्या कपाळावरची आठी पाहून त्यांना आपली एक जुनी विद्यार्थिनी आठवली होती. ती हुशार असून घरच्या अडचणीमुळें शाळेंतून निघून गेली होती. ह्या मुलीचें तसें होऊं नये, तिच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च आपण करूं, तिचें नांव व इयत्ता कळवावी, असें त्यांनीं लिहिलें होतें.

चालकांच्या बैठकींत तें पत्र वाचलें गेलें तेव्हां कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग एक गृहस्थ म्हणाले, "त्यांत काय! आपल्याकडची एक हुशार मुलगी निवडूं आणि तिचें नांव कळवूं. पैसा खऱ्याच गरजूला मिळणार ना?" हा युक्तिवाद क्षुद्र नाहीं. गरज खरी होती, मुली खऱ्या होत्या, छप्परहि खरें होतें. खोटा होता तो एक चेहरा, आणि तोहि केवळ एक प्रतीक म्हणून छापलेला. प्रतीक तयार घेतलें म्हणून काय बिघडलें?

तयार घेण्यांत कांहींच बिघडत नाहीं, हें पेणच्या माणसाला सांगावें लागत नाहीं. त्या तरुणाच्या दुकानासमोरच गणपतीचा कारखाना आहे. हमरापूर, जोहे ह्या पेण तालुक्यांतल्या गांवांतून हें काम वर्षभर चालतें. एका साच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात. दादरच्या घरांत बसते तीच मूर्ति नागपूरच्या घरांतहि बसते, आणि आपण फसलों असें दोघांतला कोणीहि म्हणत नाहीं. राजा रविवर्म्यांनीं १८९४ मध्यें मुंबईस शिळाछापखाना काढला, तो पुढें लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. तेथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या, तशाच व्यापाऱ्यांच्या जाहिरातींवरहि गेल्या. लक्ष्मीच्या पायाशीं मालाचें नांव छापलें म्हणून लक्ष्मी तो माल वापरते, असें कोणाच्या मनांत आलें नाहीं. मूर्ति आणि रंगविलेलें चित्र हीं पाहणाराला म्हणतात, 'असें समजा.' छायाचित्र म्हणतें, 'असें होतें.' कोणा एका देहावर पडलेला उजेड कांचेंतून आंत गेला आणि तेथें उमटला, हें त्याच्या घडणींतच असल्यामुळें पाहणारा त्याला दृष्टान्त म्हणून घेत नाहीं. साक्ष म्हणून घेतो. शिक्षिकाबाई भोळ्या नव्हत्या. छायाचित्र जें बोलतें तेंच त्यांनीं ऐकलें.

आणि हें आम्हांस ठाऊक नव्हतें काय? परदेशी बटण असलेलें चित्र आम्हीं बाजूस सारलें तें कोणत्या कारणानें? तें कुरूप नव्हतें. कंदिलाचें चित्र तर आम्हीं निवडलेल्या चित्राहून अधिक देखणें होतें. ही मुलगी रोह्याची नव्हे हें त्या बटणावरून आणि त्या कंदिलावरून उघड झालें असतें, एवढाच त्यांचा अपराध. आम्ही ज्याला अभिरुचि समजत होतों ती बनावट दस्तऐवज करणाराची सावधगिरी होती. कोर्टाच्या आवारांत भाडोत्री साक्षीदार निवडणारा वकीलहि असेंच पाहतो: मनुष्य गांवचाच वाटला पाहिजे, फार बोलका नको, चेहऱ्यावर थोडी चिंता असावी. परिणामकारक चित्र निवडण्याच्या कलेचा बराच भाग, निदान माणसाच्या चेहऱ्यापुरता, हाच आहे असें आम्हांस आतां वाटतें.

ह्या व्यापाराची घडणच अशी आहे. ऑटो बेटमान हा ग्रंथपाल जर्मनींतून निघून न्यूयॉर्कला आला आणि १९३६ मध्यें त्यानें तेथें आपला प्रसिद्ध चित्रसंग्रह उभा केला, तेव्हां असें चित्र मागविणें हें संपादकांचें काम होतें. २००० मध्यें आयस्टॉक व २००३ मध्यें शटरस्टॉक निघाल्यावर तें पेणच्या दुकानदाराच्याहि आटोक्यांत आलें. पण जें चित्र सर्वांस विकावयाचें तें कोणाचेंच असून चालत नाहीं. म्हणून त्यांतील मनुष्याचें नांव, गांव, दिवस हीं पुसलीं जातात, आणि 'आनंद', 'वार्धक्य', 'ग्रामीण', 'शिक्षण' असे शब्द तेथें चिकटविले जातात. कधीं त्याची फजिती होते. २००४ मध्यें अमेरिकेंत डेल व गेटवे ह्या प्रतिस्पर्धी संगणक-कंपन्यांच्या जाहिरातींत एकच विद्यार्थिनी झळकली, आणि लोक हंसले. पण दर वेळीं हंसण्यासारखें घडतें असें नाहीं. २०२४ च्या जुलैमध्यें मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेची जाहिरात प्रसिद्ध झाली. तीवर एका वृद्ध गृहस्थांचें छायाचित्र होतें. पुणे जिल्ह्यांतील एका कुटुंबानें तें ओळखलें. तीन वर्षांपूर्वीं घरांतून नाहींसा झालेला त्यांचा पिता होता तो. जाहिरात करणाराच्या लेखीं 'यात्रेस जाणारा एक म्हातारा' एवढाच त्या चेहऱ्याचा अर्थ. घरच्यांच्या लेखीं तो जिवंत असल्याची खूण. तेथें दोष कोणाचा हें ठरविणें आमचें काम नव्हे. चेहऱ्यावरचें नांव पुसलें तरी तो कोणाचा तरी चेहरा राहतोच, एवढें त्यावरून दिसतें.

कायदा येथें फारसा उपयोगीं पडत नाहीं. आपला प्रताधिकाराचा कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क तें काढणाराच्या हयातीपर्यंत व पुढें साठ वर्षें चालतो. म्हणजे चित्र कोणाचें, ह्या प्रश्नाचें उत्तर कायद्यापाशीं आहे. चित्र कोणाविषयीं बोलतें आहे, हें तो विचारीत नाहीं. नवल असें कीं, कांहीं सांठ्यांच्या परवान्यांत याहून सूक्ष्म अट असते: चित्रांतील व्यक्ति रोगी, व्यसनी किंवा अशाच नाजूक स्थितींत असल्याचें दाखवावयाचें असेल तर 'हा केवळ नमुना आहे' असें खालीं लिहावें. आम्हीं पावती जपून ठेवली होती. परवाना वाचला नव्हता.

येथवर विचार झाल्यावर उपाय सोपा वाटला. उसना चेहरा नको, तर आपल्याच मुलीचा घ्यावा. आम्ही एका रविवारीं पेणहून गाडीनें रोह्यास गेलों. अभ्यासिकेंत दहावीची एक मुलगी खरोखरच खिडकीशीं बसून वाचीत होती. तिची आई घरकामें करून संसार चालविते. तिला आम्हीं आमचा हेतु सांगितला, तिनें पदर सांवरला आणि शांतपणें म्हटलें, "सर, ती तिथं वाचायला येते, मागायला नाही येत. गरीब म्हणून तिचा फोटो छापू नका."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्या सत्याचा आम्ही एवढा पुरस्कार करूं लागलों होतों त्याची किंमत ती मुलगी देणार होती, आम्ही नव्हे. शाळेंत, बाजारांत, उद्यां सासरीं, ती 'पत्रकावरची मुलगी' म्हणून ओळखली गेली असती. सांठ्यांतील मुलीनें, किंवा तिच्या पालकांनीं, आपला चेहरा मोल घेऊन व सही करून दिला होता. आणि ही आई ज्या संस्थेच्या बांकावर आपली मुलगी बसते त्या संस्थेला 'नाहीं' म्हणत होती. असें म्हणण्याचें धैर्य किती जणांस होईल? तयार छायाचित्राच्या बाजूनें बोलण्यासारखें जें आहे तें हेंच, आणि तें थोडें नाहीं: खऱ्या गरिबाला तें चव्हाट्यावर मांडीत नाहीं.

परत आल्यावर हें त्या तरुणास सांगितलें तेव्हां तो म्हणाला कीं, आतां तीहि अडचण उरलेली नाहीं. सांगाल तसा चेहरा यंत्र तयार करून देतें, तो जगांत कोणाचाच नसतो, त्याला आईहि नसते. क्षणभर आम्हांस मोह पडला. पण शिक्षिकाबाईंचें पत्र त्या चेहऱ्यालाहि आलेंच असतें. चित्रांतील व्यक्तीचा अपमान टळला तरी पाहणाराची फसवणूक टळत नाहीं. हीं दोन निरनिराळीं कर्तव्यें आहेत आणि एक पाळल्यानें दुसरें पाळलें जात नाहीं, हें आम्हांस त्या यंत्रानें शिकविलें.

आम्हीं आतां स्वतःपुरती एक कसोटी ठेविली आहे. पाहणारानें 'ही कोण?' असें विचारलें, तर खालीं न पाहतां उत्तर देतां आलें पाहिजे. समुद्र, झाड, पुस्तकाचें पान यांविषयीं असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तीं खुशाल तयार घ्यावीं. ज्या चेहऱ्याविषयीं प्रश्न येणारच, किंबहुना यावा म्हणूनच जो निवडलेला असतो, तो उसना घेऊं नये. तरुणाचें म्हणणें असें कीं, ह्या नियमानें सारीं पत्रकें फिकीं पडतील. पडतील. वर्गणी कमी येईल हेंहि शक्य आहे, आणि कमी आलेल्या वर्गणीचा तोटा पत्र्याखालीं बसणाऱ्या मुलांस होतो, आम्हांस होत नाहीं. ह्या आक्षेपाचें समाधानकारक उत्तर आमच्यापाशीं अद्याप नाहीं.

शिक्षिकाबाईंस आम्हीं खरें काय तें लिहिलें. चित्र विकत घेतलेलें होतें, ती मुलगी कोण व कोठली हें आम्हांस माहीत नाहीं, निवड आम्हीं केली. त्यांची देणगी परत पाठविण्याची तयारीहि कळविली. त्यांनीं देणगी परत मागितली नाहीं, आणि पत्राला उत्तरहि दिलें नाहीं. चालकांपैकीं दोघांचा आमच्यावरील राग अजून गेलेला नाहीं.

दुसरें पत्रक ह्या दसऱ्यापूर्वीं निघालें. त्यावरील छायाचित्र त्याच तरुणानें काढलें, संध्याकाळीं साडेसहाच्या सुमारास, अभ्यासिकेच्या दाराशीं: उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या चपला, आणि आंत दिव्याचा उजेड. एका कोपऱ्यांत प्लास्टिकची बादली आली आहे. ती पुसून टाकूं का, असें त्यानें विचारलें होतें. छप्पर गळतें म्हणून ती तेथें असते, तेव्हां राहूं द्या म्हटलें. चित्राखालीं 'तेवीस विद्यार्थी आंत वाचीत आहेत' असें आम्ही लिहिणार होतों. तेवढ्यांत त्यानें सांगितलें कीं, जोड तेवीसच आहेत, पण त्यांतला एक पहारेकऱ्याचा आहे.