झुकलेली भिंत आणि हिशेब मागण्याचा हक्क

एका शुक्रवारी नमाजनंतर एक वयोवृद्ध गृहस्थ माझ्यासाठी थांबून राहिले. मूळचे रत्नागिरीकडचे, पण सारी हयात दक्षिण मुंबईतील एका जुन्या चाळीत भाडेकरू म्हणून गेलेली. म्हणाले, "मौलाना, एक मसअला आहे. आमच्या इमारतीच्या दुरुस्तीवर किती पैसा खर्च झाला, हे अर्ज करून विचारायचे मनात आहे. पण मुलगा म्हणतो, ही बदगुमानी झाली. कोणाचे ऐब शोधणे आपल्या दीनमध्ये मना आहे. अर्ज करू की नको?"

प्रश्न साधा वाटला तरी त्यात धर्मविचाराची एक खरी अडचण होती. मुलगा चुकीचे वाचत नव्हता. सूरह अल-हुजुरातच्या बाराव्या आयतीत संशयापासून दूर राहण्याचा, दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा माग न काढण्याचा आणि पाठीमागे निंदा न करण्याचा स्पष्ट आदेश आहे. आपल्या बंधूच्या दोषांवर पडदा टाकणाऱ्याच्या दोषांवर अल्लाह पडदा टाकील, हा हदीसचा आशयही सर्वांच्या परिचयाचा आहे. मग जो अधिकारी सार्वजनिक पैसा खर्च करतो, नोटिसा काढतो किंवा काढत नाही, त्याच्या कारभारात डोकावणे कोणत्या सदरात बसते?

उत्तर देण्यापूर्वी ही व्यवस्था काय आहे, ते पाहणे आवश्यक आहे. मुंबईत १९४७ च्या कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. त्यामागे गरिबाला छपराचे संरक्षण देण्याचा हेतू होता आणि तो स्तुत्य होता. परंतु तुटपुंज्या भाड्यात मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली, इमारती खचू लागल्या आणि माणसे ढिगाऱ्याखाली जाऊ लागली. तेव्हा १९६९ साली स्वतंत्र कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, तेच पुढे म्हाडाचा भाग बनले. जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला गेला. तो मालमत्ता करासोबत वसूल होतो, त्यात शासन व महापालिकेचा वाटा पडतो आणि त्यातून मंडळ इमारतींची संरचनात्मक दुरुस्ती करते. प्रारंभी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. आजही त्या तेरा हजारांहून अधिक आहेत. दर चौरस मीटरला किती खर्च करायचा याची मर्यादा ठरलेली असते. खर्च त्यापलीकडे गेला तर वरचा भार रहिवाशांवर येतो, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, आणि यादीत नाव आलेल्या कुटुंबापुढे संक्रमण शिबिराचा प्रश्न उभा राहतो. त्या शिबिरांत काही कुटुंबांच्या पिढ्या सरल्या आहेत.

म्हणजे भाडेकऱ्याचा पैसा, भाडेकऱ्याचा जीव आणि भाडेकऱ्याचे घर, या तिन्ही गोष्टी एका यंत्रणेच्या हाती सोपवलेल्या आहेत. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात. सूरह अन्-निसाच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोचवण्याचा आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करण्याचा आदेश एकत्र आला आहे. खर्च आणि अंमलबजावणी ही त्याच आदेशाची दोन अंगे होत, असे मला वाटते.

येथे मला मदरशातील एक जुना धडा आठवतो. बाराव्या शतकातील इमाम मरगीनानी यांचा 'हिदाया' हा हनफी फिक्हचा ग्रंथ आमच्या अभ्यासक्रमाचा कणा असतो. त्यात झुकलेल्या भिंतीचे एक प्रकरण आहे. विद्यार्थिदशेत ते मला रुक्ष वाटले होते. डोंगरीच्या गल्ल्यांतून, जिन्याजिन्याला लाकडी टेकू लावलेल्या इमारतींखालून चालू लागल्यावर त्याचा अर्थ उमगला.

मसअला असा: एखाद्याची भिंत सार्वजनिक रस्त्याकडे झुकली. कोणी तरी त्याला साक्षीदारांसमोर बजावले, की ही भिंत उतरव. मजूर मिळवून भिंत उतरवण्याइतका अवधी मिळूनही त्याने ती उतरवली नाही आणि ती पडून कोणाचा जीव गेला, तर तो भरपाईस जबाबदार ठरतो. ही मागणी कोणी करायची? कोणीही. मुस्लिम असो वा मुस्लिमेतर, कारण त्या वाटेने जाण्याच्या हक्कात सारे लोक भागीदार आहेत. मागणी कोणाकडे करायची? ज्याला ती भिंत उतरवण्याचा अधिकार आहे त्याच्याकडेच. घरात नुसता राहणारा असेल तर त्याला बजावून उपयोग नाही, कारण त्याच्या हाती ते सामर्थ्य नाही.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. भिंत एखाद्या शेजाऱ्याच्या घराकडे झुकली असेल, तर तो शेजारी मालकाला मुदतवाढ देऊ शकतो, माफही करू शकतो. हक्क त्याचा आहे. पण भिंत सार्वजनिक रस्त्याकडे झुकली असेल, तर बजावणाऱ्याने मुदत वाढवून दिली तरी ती वैध नाही, आणि खुद्द काझीने दिली तरी वैध नाही. तो हक्क साऱ्या लोकांचा आहे. तो सोडून देण्याचा अधिकार काझीलाही नाही.

वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मला या भेदात सापडते. पडदा टाकणे हा सद्गुण आहे तो आपल्या स्वतःच्या हक्काबाबत, किंवा दुसऱ्याच्या अशा दोषाबाबत ज्याचा उपद्रव त्याच्यापुरताच आहे. एखादा अभियंता घरी कसा वागतो, नमाज पढतो की नाही, हे शोधत बसणे निषिद्धच. परंतु उपकराच्या पैशातून बसवलेला लोखंडी खांब कागदावर किती जाडीचा आणि जिन्यात किती जाडीचा, हे विचारण्यात त्याचे कोणतेही ऐब उघडे होत नाही. अमानतीचा हिशेब होतो. तो हिशेब माफ करायला आपण मालक नाही. आपल्या वरच्या मजल्यावरील विधवा, तळमजल्यावरील दुकानात झोपणारा परप्रांतीय मुलगा, खालून शाळेला जाणारी लेकरे, हे सारे त्यात भागीदार आहेत.

हा माझा फतवा नव्हे. तो मुफ्तींचा अधिकार आहे. एक दृष्टांत म्हणूनच मी तो मांडतो. परंतु तो आपल्या शहरावर पडताळून पाहावा. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. ती धोकादायक असल्याचे पूर्वीच जाहीर झालेले होते. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला, तेव्हा ढिगारा उपसला जात असतानाच कोसळलेला भाग कोणाच्या अखत्यारीत होता, याचा वाद यंत्रणांमध्ये सुरू झाला. भिंत झुकली होती हे ठाऊक असूनही ती उतरवण्याचे सामर्थ्य कोणाचे, हेच ठरत नव्हते.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. कायद्यातील कलम ७९-अ खाली काढलेल्या ९३५ नोटिसांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्थगिती दिली. त्यांत अधिकारांचा गैरवापर झाल्याचे न्यायालयाला सकृद्दर्शनी दिसले आणि त्याने चौकशीचा आदेश दिला. त्या वादाचा अंतिम निवाडा न्यायालयांचा विषय आहे. आपण इतकेच लक्षात घ्यावे, की जी भिंत झुकलेलीच नाही तिला झुकलेली म्हणणे हाही जुलूमच. नोटीस न काढणे आणि नको तेथे काढणे, दोन्हींचा जाब एकाच पद्धतीने विचारावा लागतो.

हिशेब विचारणे म्हणजे आरोप करणे नव्हे, हे आपल्या समाजाला अजून पुरते उमगलेले नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक प्रसंग बुखारी शरीफमध्ये आहे. कूफ्याच्या लोकांनी आपले राज्यपाल हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्याविरुद्ध तक्रार केली, ते नमाजही नीट पढवत नाहीत, इथपर्यंत. हजरत सअद म्हणजे हयातीतच स्वर्गाची शुभवार्ता मिळालेल्या दहांपैकी एक. तरीही हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना पदावरून दूर केले आणि चौकशीसाठी कूफ्याला माणसे पाठवली. त्यांनी एकेका मशिदीत जाऊन लोकांना विचारले. सर्वत्र प्रशंसाच ऐकू आली. एका मशिदीत एकच मनुष्य उठून त्यांच्यावर अन्यायाचा आणि पक्षपाताचा ठपका ठेवता झाला. तो आरोप खोटा होता, आणि पीडिताच्या दुआपासून तो मनुष्य सुटला नाही. पुढे मृत्युशय्येवर हजरत उमर (रजि.) यांनी स्पष्ट सांगितले, की मी सअदना अकार्यक्षमतेमुळे किंवा खयानतीमुळे दूर केले नव्हते.

या प्रसंगातील प्रत्येक पात्र मला विचारात पाडते. चौकशी झाल्याने हजरत सअद यांची योग्यता कमी झाली नाही. चौकशी करणाऱ्याने त्यांना दोषी गृहीत धरले नाही. आणि विचारण्याचा हक्क मिळाला म्हणून खोटे बोलण्याची मुभा कोणाला मिळाली नाही. आपल्याकडे मात्र एकतर अधिकाऱ्यापुढे हात जोडून उभे राहायचे, नाहीतर चहाच्या टपरीवर त्याला चोर ठरवून मोकळे व्हायचे, अशा दोनच रीती रूढ आहेत. दुसरी रीत निंदेतच मोडते, कारण तिच्यात पुरावाही नसतो आणि इलाजही नसतो.

आणखी एक कटू गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. जो भाडेकरू दोनशे रुपये भाडे देऊन पोटभाडेकऱ्याकडून दहा हजार घेतो, जो पोटमाळा चढवताना कोणाच्या तरी खिशात पाकीट सरकवतो, त्याने हिशेब कोणत्या तोंडाने मागावा? मागावा, असेच मी म्हणेन, कारण हक्क त्याच्या एकट्याचा नाही. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या वसुली अधिकाऱ्याला काय विचारले होते, ते त्यानेही आठवावे. जकात गोळा करून परतलेला तो म्हणाला, हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. प्रेषितांनी (स.) मिंबरवरून विचारले, की हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट मिळाली असती काय? प्रश्न घेणाऱ्याला होता, पण देणारे हातही त्यातून सुटत नाहीत. आणि ज्या मशिदींच्या, वक्फच्या मालकीच्या भाड्याच्या इमारती आहेत, त्यांच्या विश्वस्तांनी भाडेकऱ्याने हिशेब मागताच भुवया उंचावू नयेत. दुसऱ्यांकडे मागायचे ते आधी आपल्या फलकावर लावावे.

त्या वृद्धांना मी होकार दिला. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात केवळ कागद मागण्याचाच नव्हे, तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे त्यांना नवीन होते. आपल्या राज्याच्या नियमानुसार अर्ज दीडशे शब्दांत बसवावा लागतो. शुल्क दहा रुपये. त्यांचा मसुदा दोन पाने भरला होता. मशिदीच्या ओसरीवर बसून आम्ही तो कमी केला. 'सगळे मिळून खाल्ले' हे वाक्य काढायला ते तयार होईनात. "चाचा, तुम्ही पाहिले आहे का?" असे मी विचारले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि स्वतःच्या हाताने ते खोडले. उरले ते चार प्रश्न: अंदाजपत्रकाची प्रत, प्रत्यक्ष खर्च, काम पूर्ण झाल्याचा दाखला, आणि पाहणीची तारीख. अस्रची अजान झाली तेव्हा अर्ज लिहून पुरा झाला होता. मुलाला तो वाचायला देऊ आणि टपालात टाकायलाही त्यालाच पाठवू, असे म्हणून ते वुजूसाठी उठले.