एकालाच शिवणारं रसायन

रायगड जिल्ह्याला रसायन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. थळला खतकारखाना उभा राहिला तेव्हापासून, म्हणजे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून, अलिबागच्या वेशीवर हवेतला नायट्रोजन फोडण्याचं काम रात्रंदिवस चालू आहे. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तोडायचा तर चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान, वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक लागतो. पाताळगंगेकाठी रसायनीला हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सने नायट्रोबेन्झीन आणि अ‍ॅनिलीन काढलं. ही कंपनी १९६०ची. २०१७मध्ये केंद्राने तिथले बहुतेक विभाग बंद करायचं ठरवलं, आणि रॉकेटला लागणाऱ्या डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा इस्रोकडे गेला. शिवाय धाटाव, महाड, तळोजा आहेतच. आपल्याकडे रसायन मोजतात टँकरने आणि ओळखतात वासाने.

हे माप अपुरं आहे, असं माझं म्हणणं आहे. रसायनशास्त्राची खरी कसोटी किती माल निघाला यावर जितकी लागते, त्याहून अधिक ती नेमक्या कोणाला शिवलं आणि कोणाला शिवलं नाही यावर लागते. ही कसोटी सर्वांत कडक होते ती जिवंत पेशीत. तिथे चारशे अंश नाहीत, दाब नाही, विद्रावक म्हणून पाणीच. तापमान ३७ अंश. हजारो जातींची प्रथिनं, साखरा, मेद, आम्लं एकमेकांना खेटून आहेत, आणि त्यातल्या एकाच जातीच्या रेणूला खूण करायची आहे. शेजाऱ्याला धक्का न लावता.

गंमत अशी की इथेही कामाला नायट्रोजनच येतो. अ‍ॅझाइड म्हणजे एका ओळीत बसलेले तीन नायट्रोजन. हा गट इवलासा असतो आणि पेशीत मुळात नसतो, म्हणून पेशीतलं कोणी त्याच्याकडे फारसं वळून बघत नाही. त्याचा जोडीदार अल्काइन, कार्बन-कार्बन तिहेरी बंधाचा. दोघं जुळले की ट्रायअ‍ॅझोल नावाचं पाच अणूंचं पक्कं कडं तयार होतं. ही अभिक्रिया जर्मनीच्या हुइसगेनमुळे आधीपासून माहीत होती, पण तिला उष्णता आणि वेळ लागे. बॅरी शार्पलेस यांनी २००१मध्ये, त्यांना पहिलं नोबेल मिळालं त्याच वर्षी, सहकाऱ्यांसह ‘क्लिक केमिस्ट्री’ची कल्पना सविस्तर मांडली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्यांच्या गटाला आणि डेन्मार्कमध्ये मॉर्टेन मेल्डाल यांना स्वतंत्रपणे दिसलं, की थोडं तांबं घातलं तर हेच काम साध्या तापमानाला, पाण्यात, झपाट्याने होतं.

हे तांबं प्रयोगशाळेत बहुधा मोरचुदाच्या रूपात येतं आणि क जीवनसत्त्वाने त्याला योग्य अवस्थेत आणतात. श्रीवर्धनच्या सुपारीवाल्याला मोरचूद नवं नाही. पावसाळ्यात कोळे रोग येऊ नये म्हणून चुन्यात कालवून तो तेच फवारतो. तांबं बुरशीला मारतं म्हणूनच तो ते वापरतो, आणि नेमक्या त्याच गुणामुळे जिवंत पेशीत ते चालत नाही. फोडलेल्या पेशींच्या रसात चालतं, जिवंत पेशीत अडचण. ती सोडवली कॅरोलिन बर्टोझी यांनी. २००४मध्ये त्यांच्या गटाने तिहेरी बंध आठ अणूंच्या कड्यात वाकवून बसवला. त्या ताणामुळेच तो अ‍ॅझाइडशी जुळायला उतावीळ होतो, तांब्याची गरज उरत नाही. या तिघांना २०२२चं नोबेल विभागून मिळालं. शार्पलेस यांचं ते दुसरं.

प्रत्यक्ष काम दिसायला साधं आहे. पेशींना अ‍ॅझाइड जोडलेली साखर पुरवायची. पेशी ती आपलीच समजून पृष्ठभागावरच्या साखळ्यांत गुंफते. मग त्या अ‍ॅझाइडवर बायोटिन जोडलेलं अल्काइन सोडायचं. बायोटिन म्हणजे ब-गटातलं एक जीवनसत्त्व, अंड्याच्या पिवळ्या बलकात भरपूर. अंड्याच्या पांढऱ्यात मात्र अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिनला असं धरतं की सोडत नाही. कच्चं पांढरं सतत खाल्लं तर माणसाला बायोटिनची तूट येते ती याचमुळे. स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूत मिळणारा त्याचा भाऊबंद स्ट्रेप्टॅव्हिडिन हा बारीक मण्यांवर बसवतात. पेशींचा रस त्यावर फिरवला की खूण झालेले रेणू मण्यांना चिकटून राहतात, बाकीचे साबणाच्या पाण्याने धुवून जातात. मग मणी उकळायचे, सुटलेली प्रथिनं जेलवर पळवायची, आणि काय हाती लागलं ते बघायचं.

आणि इथेच गाडी घसरते. स्ट्रेप्टॅव्हिडिनने रंगवलेल्या पट्टीवर साधारण १३० आणि ७५ किलोडाल्टनच्या जागी ठळक रेघा उमटतात. नवखा विद्यार्थी हरखतो. पण अ‍ॅझाइड न दिलेल्या पेशींच्या रकान्यातही त्याच रेघा असतात! पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात काही कार्बॉक्सिलेझ विकरं आहेत, त्यांच्या अंगी निसर्गतःच बायोटिन असतं. तुम्ही केलेली खूण आणि पेशीची जन्मखूण यांत मण्याला फरक करता येत नाही. म्हणून मी असा एखादा शोधनिबंध वाचतो तेव्हा भरगच्च रकाना सोडून आधी रिकामा रकाना शोधतो. तो नसेल तर पुढचं वाचायची घाई करत नाही.

हा संशय फाजील नाही. साखर पेशीत सहज शिरावी म्हणून तिच्यावर असिटिल गट चढवून देण्याची पद्धत वर्षानुवर्षं रूढ होती. २०१८मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या गटाने दाखवलं, की अशी साखर प्रथिनांतल्या सिस्टीनला थेट, विकराशिवायच चिकटते. म्हणजे ज्याला नैसर्गिक साखळी समजून मोजलं, त्यात काही भाग पाहणाऱ्याच्याच हातचा होता. ‘एकालाच शिवतं’ हा दावा त्या पद्धतीचा प्राण, आणि तोच पुन्हा तपासावा लागला.

प्रयोगशाळेबाहेरही बायोटिन असा घोळ घालतं. रक्ततपासणीची अनेक यंत्रं बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या याच पकडीवर चालतात. केस गळतात म्हणून लोक बायोटिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतात. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. रक्तातलं ते जादा बायोटिन यंत्रातली जागा अडवतं, आणि टीएसएच खोटं कमी, टी-४ खोटं जास्त दिसू शकतं. थायरॉइड निरोगी, अहवाल मात्र रोगाचा. हृदयविकारात बघतात ते ट्रोपोनिनही खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये याचा इशारा दिला, त्यात एका मृत्यूचाही उल्लेख होता. अलिबागला असो की पनवेलला, रक्त द्यायला जाताना केसांची गोळी चालू असल्याचं सांगावं.

साखरेच्या साखळ्यांचा प्रश्न रायगडाला परका नाही. टाटा मेमोरियलची कर्करोग संशोधन संस्था २००२मध्ये परळहून खारघरला आली आणि अ‍ॅक्ट्रेक झाली. तिथे राजीव कलरैया यांच्या गटाने पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखळ्या, गॅलेक्टिन-३ हे प्रथिन आणि उंदरातला मेलॅनोमा फुप्फुसात पसरणं यांचा संबंध बारकाईने तपासला. अशा साखळ्या ओळखायचं जुनं हत्यार म्हणजे लेक्टिन, बियांतली साखर धरणारी प्रथिनं. राजम्यातलं एक लेक्टिन यासाठी प्रसिद्ध आहे. आणि आपल्या कुळथातलंही! १९५१मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं की कुळथाचा अर्क माणसाच्या तांबड्या पेशींना निवडून गोळा करतो. ए-१ आणि ए-२ हे रक्ताचे उपगट वेगळे करायला तो पुढे रक्तपेढ्यांत रुळला. आज तेच लेक्टिन, बायोटिन जोडून, कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या यादीत मिलिग्रॅमच्या भावाने मिळतं. ज्याची पिठी आपण घरोघर खातो, त्याची कुपी विमानाने येते.

महाराष्ट्रात या शास्त्राची माणसं नाहीत असं नाही. पुण्याच्या आयसरमध्ये श्रीवत्सन यांच्या गटाने अ‍ॅझाइड जोडलेले न्यूक्लिओटाइड घडवून पेशीत नव्याने तयार होणारा आरएनए क्लिकने उजळून दाखवला. तिथलेच सिद्धेश कामत यांना मेदरेणूंवरच्या कामासाठी २०२४चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या क्षेत्रातलं एक आवडतं साधन म्हणजे फ्लुओरोफॉस्फोनेटचं टोक आणि मागे बायोटिन किंवा अल्काइन. हे टोक सेरीन जातीच्या विकरांच्या कार्यरत जागी रुतून बसतं. सारिनसारखे विषारी वायू मज्जातंतूंवर याच रीतीने घाव घालतात. विषाचा नेम तोच, फक्त मागे खूण बांधलेली.

इथे कोणी म्हणेल, टनांनी पोट भरतं, मिलिग्रॅमने नाही. बरोबर आहे, थळचा युरिया नसता तर भाताचं काय झालं असतं हे मलाही कळतं. पण ज्या जिल्ह्यात नायट्रोकरण आणि ऊर्ध्वपातन डोळे मिटून करणारे हात आहेत, त्या जिल्ह्यात खूण बांधायचा रेणू घडवणारे हात का असू नयेत? धाटावचा केमिस्ट आणि खारघरची पेशीशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसत नाहीत, याचं कारण पैसा कमी आणि सवय जास्त.

लोणेऱ्याच्या विद्यापीठात रसायन अभियांत्रिकी शिकवतात. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प द्यावा: बाजारातला कुळीथ दळून त्यातलं लेक्टिन साखरेच्या स्तंभावर शुद्ध करा, त्याच्या लायसिनवर बायोटिन जोडा आणि रक्तपेढीतल्या ए-१ व ए-२ पेशींवर लावून पाहा. फरक दिसला की लगेच टाळ्या नकोत. त्याच नळीत एन-असिटिलगॅलॅक्टोसअमिन घाला. लेक्टिनला हीच साखर हवी असते, तेव्हा ती मोकळी मिळाल्यावर त्याने पेशी सोडायला हव्यात. नाही सोडल्या, तर पुन्हा दळणापासून.