काम जातं कुठे?

१९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरन्स साँडर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ नावाचं किराणा दुकान उघडलं. तोवरची रीत अशी, की गिऱ्हाइकाने यादी सांगायची आणि नोकराने माल काढून, तोलून, बांधून द्यायचा. साँडर्स यांनी गिऱ्हाइकाच्याच हातात टोपली दिली. नोकरांवरचा खर्च वाचला, भाव उतरले. सुपरमार्केटचा सगळा धंदा पुढे याच हिशोबावर उभा राहिला : नोकराचं काम गिऱ्हाइकाने करायचं आणि त्याबदल्यात स्वस्त माल न्यायचा.

ब्रिटनमधली अलीकडची नोकरकपात या हिशोबासमोर ठेवून पाहावी. टेस्को या सुपरमार्केट कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये जाहीर केलं, की नऊ हजारांपर्यंत नोकऱ्यांवर गदा येऊ शकते; सुमारे नव्वद दुकानांतले मांस-मासळीचे काउंटर बंद होणार होते. सेन्सबरीज या दुसऱ्या सुपरमार्केट कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये तीन हजारांहून अधिक पदं कमी करायचं ठरवलं आणि उरलेली ६१ उपाहारगृहंही बंद करायला काढली. कंपन्यांच्या अडचणी खोट्या नाहीत. आल्डी आणि लिडल ही स्वस्त मालाची दुकानं भाव पाडतात, शंभर पौंडांच्या विक्रीमागे नफा मोजकाच सुटतो, आणि एप्रिल २०२५ पासून कामगारांच्या पगारावर मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला.

पण काउंटर बंद झाला म्हणून तिथलं काम संपत नाही. मासळीच्या काउंटरवरचा माणूस खवले काढतो, पोट साफ करतो, काटे सोडवतो. चार माणसांना किती लागेल, आज कुठला मासा चांगला आहे, हेही सांगतो. तो गेला की उरतो प्लास्टिकमध्ये बंद केलेला तुकडा आणि त्यावरची तारीख. पारख करायची ती आता गिऱ्हाइकाने, आणि ती त्याला कुणी शिकवलेली नसते.

गिऱ्हाइकाने स्वतः बिल करायच्या मशिनपाशीही हेच. सुटे कांदे तोलायला ठेवले की पडद्यावरच्या चित्रांतून आपला कांदा शोधा. दारूची बाटली घेतली तर वय तपासायला माणूस लागतोच. मशिनवरचा दिवा लागतो आणि ओळीने मांडलेल्या साऱ्या मशिन सांभाळणारी एकच बाई या दिव्याकडून त्या दिव्याकडे धावते. चोरीवर नजर तिनेच ठेवायची, वैतागलेल्या गिऱ्हाइकाचे बोलही तिनेच ऐकायचे. कपातीतून वाचलेली नोकरी अशी दिसते. गेलेल्यांची संख्या बातमीत छापून येते. मागे राहिलेल्यांच्या अंगावर पडलेलं काम कुठेच मोजलं जात नाही, आणि मला ते फार खुपतं.

साँडर्स यांनी काम सरकवलं तेव्हा गिऱ्हाइकाला त्याचा मोबदला भावात दिसला. आज मशिनवर स्वतः बिल केलं काय किंवा कॅशियरकडून करून घेतलं काय, पैसे तेवढेच पडतात. मूळ सौदा इथे मोडला आहे.

याला इलाजच नाही, असंही नाही. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या जुन्या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या २८ पैकी २६ दुकानांतून अशा मशिन काढून टाकायचं आणि काउंटरवर पुन्हा माणसं बसवायचं जाहीर केलं.