श्रवणाचे उत्तरदायित्व

‘सल्लामसलत’ ही संकल्पना वरकरणी प्रशासकीय भासते; वस्तुतः ती अर्थनिर्णयनाची समस्या आहे. कॅनडातील गिट्क्सान व वेट्सुवेतेन या आदिवासी समाजांनी भूमीवरील हक्काचा पुरावा म्हणून वंशपरंपरागत कथने व गीते न्यायालयात सादर केली. १९९१ मध्ये न्यायमूर्ती मॅकीचर्न यांनी त्यांना स्वतंत्र प्रमाणमूल्य नाकारले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहासाला लिखित दस्तऐवजांच्या बरोबरीचे स्थान देऊन फेरसुनावणीचा आदेश दिला. संहिता कशाला म्हणावे, हा प्रश्न असा सत्तेचाही ठरतो.

हायदा समाजाच्या भूमीवरील वृक्षतोडीच्या परवान्यासंबंधी २००४ मध्ये त्याच न्यायालयाने हक्क सिद्ध होण्यापूर्वीही शासनावर सल्लामसलतीचे कर्तव्य असल्याचे मानले. नकाराधिकार मात्र दिला नाही. नैतिक पेच येथेच उद्भवतो. २०१८ मध्ये ट्रान्स माउंटन तेलवाहिनीच्या विस्ताराची मंजुरी संघीय अपील न्यायालयाने रद्द केली. शासकीय प्रतिनिधींनी आक्षेपांची केवळ नोंद घेतली, अर्थपूर्ण संवाद साधला नाही, हे त्याचे एक कारण होते. पुढे नव्याने सल्लामसलत झाली आणि २०२० मध्ये न्यायालयाने नवी मंजुरी ग्राह्य धरली.

श्रवण म्हणजे संमती नव्हे, हा शासनाचा युक्तिवाद तर्कदृष्ट्या खरा आहे. परंतु लेखनिक आणि श्रोता यांत भेद आहे. लेखनिक शब्द टिपतो. श्रोता त्या शब्दांनी आपला निर्णय बदलू शकतो, ही शक्यता मान्य करतो. जेथे ही शक्यता आधीच बाद झालेली असते, तेथे सल्लामसलत हा संवाद न उरता त्याचे अनुकरण ठरते.